बियांतली दोन भावंडे

मक्याचे कणीस सोलताना पानांबरोबर रेशमी केसांचा जो झुबका निघतो, तो थेट कचऱ्यात जातो. पण तो नसता तर कणसात एकही दाणा भरला नसता. प्रत्येक केस आतल्या एकेका कोवळ्या बीजांडाला जोडलेला असतो. तुऱ्यातून उडालेला परागकण केसाच्या बाहेर आलेल्या भागावर चिकटतो, ओल शोषून फुगतो आणि त्यातून एक नळी फुटते. ही परागनलिका केसाच्या आतून खाली उतरू लागते. केस कधी कधी तीस सेंटिमीटरपर्यंत लांब, आणि परागकण मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. तरी तासाला सेंटिमीटरभर, प्रसंगी त्याहूनही वेगाने वाढत ती साधारण चोवीस तासांत बीजांडापाशी पोचते. ऐन फुलोऱ्यात पावसाने ताण दिला तर केस उशिरा बाहेर पडतात, तोवर तुऱ्यातले पराग उडून गेलेले असतात, आणि शेतकऱ्याच्या हाती अर्धवट भरलेली कणसे येतात.

नलिका रिकामी येत नाही. तिच्यात दोन नरयुग्मके असतात. ती पोहत नाहीत, त्यांना शेपटी नसते. नलिका नेईल तिकडे ती जातात. शेवाळ आणि नेच्यांची नरयुग्मके पाण्यातून पोहतात. गिंको आणि सायकस या फुले न येणाऱ्या बीजधारी झाडांतही पोहणारी युग्मके असतात, हे हिरासे आणि इकेनो या जपानी अभ्यासकांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. सपुष्प वनस्पतींनी मात्र पाण्यावरचे हे अवलंबित्व पुरते सोडले. आता अंडपेशी एकच असताना नरयुग्मके दोन कशासाठी, हा प्रश्न उरतो. शाळेच्या पुस्तकात त्याचे उत्तर दोन ओळींत उरकलेले असते. खरे तर माणसाच्या जेवणाचा मोठा भाग त्या दुसऱ्या युग्मकावर उभा आहे.

परागनलिका माणसाच्या नजरेस पहिल्यांदा पडली ती घोळीच्या फुलात. पावसाळ्यात परसात आपोआप उगवणारी, डाळ घालून केली जाते तीच आंबटसर घोळ. इटलीतल्या मोदेना शहरात जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची हा गणिताचा प्राध्यापक स्वतः उत्तम सूक्ष्मदर्शक घडवत असे. घोळीच्या कुक्षीवरच्या बारीक केसांत पेशीरस कसा फिरतो, ते तो पाहत होता. पाहता पाहता एका केसाला चिकटलेल्या परागकणातून नळी बाहेर आली. शोधत होता एक, सापडले दुसरेच. हे निरीक्षण १८२४ मध्ये छापून आले. १८३० मध्ये त्याने सांगितले की ही नळी कुक्षीवृंतातून उतरून थेट बीजांडापर्यंत जाते.

यानंतर वाद पेटला. पेशी सिद्धांताच्या जनकांपैकी एक असलेल्या श्लायडेनने १८३७ मध्ये ठासून सांगितले की भ्रूण नलिकेच्या टोकातूनच वाढतो आणि बीजांड त्याला फक्त जागा देते. बाप बी पेरतो आणि आई नुसते शेत, ही समजूत आपल्याकडेही जुनीच. मनुस्मृतीत बीज आणि क्षेत्र यांच्यावर बरीच चर्चा आहे. श्लायडेनकडे सूक्ष्मदर्शक होता, दबदबा होता आणि आत्मविश्वास तर गरजेपेक्षा जास्तच होता. त्यामुळे त्याचे चुकीचे मत बरीच वर्षे टिकून राहिले. आमिचीने पुन्हा कंबर कसली. नलिका पोचण्याच्या आधीपासूनच बीजांडात अंडपेशी हजर असते, हे त्याने १८४० च्या दशकात ऑर्किडच्या फुलांत दाखवले. १८४९ मध्ये हॉफमाइस्टरने बऱ्याच वनस्पतींत त्याची खातरजमा केली. नर आणि मादी केंद्रकांचे मीलन प्रत्यक्ष पाहायला मात्र १८८४ साल उजाडले आणि स्ट्रासबुर्गरची नजर लागली.

ज्या कोशात हे मीलन होते, त्याची रचना विलक्षण आटोपशीर आहे. बहुतेक सपुष्प वनस्पतींत भ्रूणकोशात सात पेशी आणि आठ केंद्रके असतात. नलिका शिरते त्या दाराशी अंडपेशी आणि तिच्या दोन बाजूंना दोन सहायक पेशी. पलीकडच्या टोकाला तीन पेशी, ज्यांचे काम बऱ्याच जातींत फारसे दिसून येत नाही. मधली सगळी जागा एका मोठ्या मध्यपेशीची, आणि तिच्यात मात्र दोन केंद्रके. या दोन केंद्रकांचा हिशेब पुढे महत्त्वाचा ठरतो.

सहायक पेशी नुसत्या शेजारणी आहेत असे बराच काळ वाटत होते. जपानी संशोधक तेत्सुया हिगाशियामा यांनी तोरेनिया ही बागेतली जांभळ्या फुलांची वनस्पती निवडली, आणि निवड अचूक होती. तोरेनियाचा भ्रूणकोश बीजांडाच्या आवरणातून अर्धा बाहेर डोकावतो, त्यामुळे चिरफाड न करता तो सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पाहता येतो. त्यांच्या गटाने लेसरने एकेक पेशी मारून पाहिली. अंडपेशी मारली तरी नलिका येत होती. दोन्ही सहायक पेशी मारल्या की मात्र ती दिशाहीन भरकटत होती. हे निष्कर्ष २००१ मध्ये आले. नलिकेला ओढून आणणारी छोटी प्रथिने २००९ मध्ये सापडली, आणि त्यांना ल्यूर हे नाव मिळाले.

नलिका पोचल्यावर जे घडते ते काहीसे हिंसक आहे. ती एका सहायक पेशीत शिरते आणि फुटते. ती सहायक पेशी मरते, नलिकेतला ऐवज आत सांडतो, आणि दोन्ही नरयुग्मके अंडपेशी व मध्यपेशी यांच्या मधल्या फटीत येऊन थांबतात. काही मिनिटांत एक युग्मक अंडपेशीशी आणि दुसरे मध्यपेशीशी एकरूप होते. दुसरी सहायक पेशी राखीव ठेवलेली असते. पहिल्या नलिकेतली युग्मके काही दोषामुळे कामी आली नाहीत, तर ही राखीव पेशी दुसऱ्या नलिकेला बोलावते. फलन व्यवस्थित पार पडले की तिचा ऐवज मध्यपेशीत मिसळून जातो आणि बोलावणे बंद होते.

युग्मकांच्या पडद्यांना जोडणारे प्रथिन २००६ मध्ये लिलीत सापडले. तेच प्रथिन मलेरियाच्या परजीवीत आणि हिरव्या शैवालातही आहे, म्हणजे त्याचा उगम सपुष्प वनस्पतींच्या कितीतरी आधीचा. २०१७ मध्ये त्याची त्रिमितीय रचना समजली तेव्हा आणखी एक आश्चर्य पुढे आले: डेंगी आणि झिका यांचे विषाणू आपल्या पेशींत घुसण्यासाठी जी प्रथिने वापरतात, त्यांच्याशी ती जुळते. कोणी कोणाकडून उचलले, यावर अजून वाद आहे.

हे दुहेरी मीलन, म्हणजे द्विफलन, १८९८ च्या ऑगस्टमध्ये कीव्ह शहरातल्या एका परिषदेत सर्गेई नवाशिन यांनी जाहीर केले. त्यांचा अभ्यास लिली आणि फ्रिटिलेरिया या फुलांवर होता. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेओं ग्विन्यार यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. गंमत अशी की शोध लागला तो काहीशा अपवादात्मक वनस्पतीत. लिलीच्या मध्यपेशीची घडण वेगळी असल्यामुळे तिथे दुसऱ्या मीलनातून गुणसूत्रांचे पाच संच एकत्र येतात. बहुतेक सपुष्प वनस्पतींत ते तीन असतात: मध्यपेशीतल्या दोन केंद्रकांचे दोन आणि नरयुग्मकाचा एक. आपल्या तळ्यांत फुलणाऱ्या कुमुदिनीच्या कुळात तर ते दोनच, आणि तिच्या बियांतले अन्न मुख्यतः दुसऱ्याच ऊतीत साठते.

अंडपेशीच्या मीलनातून भ्रूण होतो, म्हणजे पुढचे झाड. मध्यपेशीच्या मीलनातून होतो भ्रूणपोष. दोघांचे आईबाप तेच, दोन्ही युग्मके एकाच परागकणातली. म्हणजे अनुवंशाच्या भाषेत ही सख्खी भावंडे. यांतले दुसरे कधीच झाड होत नाही. पहिल्याला खाऊ घालून ते संपते, किंवा साठून राहते आणि उगवणीच्या वेळी संपते. माणूस खातो तो बहुतेक वेळा हाच दुसरा. तांदूळ, गव्हाचा रवा आणि मैदा, ज्वारीचे पीठ, मक्याच्या लाह्यांचा पांढरा फुगा, कॉफीची बी, सगळे प्रामुख्याने भ्रूणपोषच.

हे भावंड घाई करते. फलन झाल्यावर अंडपेशीपासून झालेला युग्मनज बऱ्याचदा काही तास किंवा दिवस स्तब्ध असतो. मध्यपेशी मात्र लगेच कामाला लागते. सुरुवातीला तिच्यात फक्त केंद्रके विभागत जातात, मध्ये भिंती उभ्या राहत नाहीत. भिंती नंतर येतात आणि मग स्टार्च साठायला लागतो. ज्वारीचा दाणा आधी दुधाळ असतो, मग चिकात येतो, मग हुरड्यात. हुरडा पार्टीला निघालेले लोक नेमकी ती वेळ गाठतात, जेव्हा भ्रूणपोषात साखर अजून गोड आहे आणि स्टार्चने दाणा टणक केलेला नाही.

नारळात हीच पायरी डोळ्यांनी दिसते. कोवळ्या शहाळ्यातले पाणी म्हणजे मोकळी केंद्रके तरंगणारा द्रवरूप भ्रूणपोष. पुढे कवटीच्या आतून पेशींचा थर जमू लागतो आणि मलई तयार होते, ती जाड होत खोबरे बनते. मुंबईच्या नाक्यावर शहाळेवाला ‘पाणीवाला देऊ की मलईवाला’ असे विचारतो, तेव्हा भ्रूणपोषाच्या कुठल्या टप्प्यावरचे फळ हवे तेच तो विचारत असतो. नारळाचा खरा भ्रूण तीन डोळ्यांपैकी एका मऊ डोळ्याखाली खोबऱ्यात रुतलेला छोटासा खुंटा. खोबरे किसताना तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

वाढत्या भ्रूणाला जे लागते ते या पाण्यात असणारच, असे वनस्पतिशास्त्रज्ञांना सुचणे साहजिक होते. १९४१ मध्ये फान ओव्हरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे, आईपासून वेगळे केल्यावर एरवी न जगणारे भ्रूण नारळाच्या पाण्याच्या मदतीने प्रयोगशाळेत वाढवले. पेशींना विभागायला लावणाऱ्या नैसर्गिक संप्रेरकांपैकी झिएटिन १९६३ मध्ये वेगळे केले गेले ते मक्याच्या दुधाळ दाण्यांतून.

भ्रूणपोषाच्या अंगात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक, हा हिशेब वनस्पती फार गांभीर्याने घेते. बिनबियांच्या कलिंगडाचे बियाणे करताना चार संचांची मादी आणि दोन संचांचा नर असे वेल लागतात. उलट केले, म्हणजे मादी दोन संचांची आणि नर चार संचांचा, तर भ्रूणपोष बिघडतो आणि जगण्यासारखे बी मिळत नाही. कारण काही जनुके आईकडून आली तरच चालू होतात, काही फक्त बापाकडून आली तर. जनुक कोणाकडून आले यावर त्याचे वागणे ठरते, हे एका ठरावीक जनुकाबाबत पहिल्यांदा सिद्ध झाले मक्याच्या दाण्यात, १९७० मध्ये. जेरी कर्मिकल यांनी पाहिले की दाण्याला रंग देणारे एक जनुक आईकडून आले तर दाणा पूर्ण रंगतो आणि बापाकडून आले तर ठिपक्याठिपक्यांचा होतो. सस्तन प्राण्यांतही असे घडते हे कळायला पुढे चौदा वर्षे लागली. मक्याने अनुवंशशास्त्राला दिलेल्या देणग्यांची यादी काढली तर ती लांबलचक होईल. शेजारच्या शेतातल्या रंगीत मक्याचा पराग पडला की पांढऱ्या कणसात मधूनच रंगीत दाणे येतात, याचेही कारण १८९९ मध्ये द्विफलनाच्या आधाराने लागले. रंग बापाचा, कारण दाण्याचा मुख्य भाग त्याच्याही युग्मकातून घडलेला.

आता पहिल्या भावंडाकडे. युग्मनज आधी लांबट होतो आणि मग असमान विभागतो. वरची पेशी लहान, खालची मोठी. वरच्या पेशीतून जवळपास सगळा भ्रूण घडतो, खालच्या पेशीतून निलंबक नावाचा दांडा, जो भ्रूणाला भ्रूणपोषात आत ढकलतो आणि आईकडून आलेले अन्न पुरवतो. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणात हा दांडा सातनऊ पेशींचा. राजम्याच्या जवळच्या लाल फुलांच्या घेवड्यात तो शेदोनशे पेशींचा असतो, आणि त्याच्या मोठ्या पेशींत एकेका गुणसूत्राच्या इतक्या प्रती जमतात की ती सूक्ष्मदर्शकाखाली जाड पट्ट्यांसारखी दिसतात. काम झाले की निलंबक मरतो. पण भ्रूणात बिघाड झाला तर निलंबकाच्या पेशीही भ्रूण घडवू शकतात, हे ॲराबिडॉप्सिसच्या काही उत्परिवर्तित रोपांत दिसले आहे. म्हणजे मरणाऱ्या दांड्यातही ती क्षमता शाबूत असते, एवढेच की शेजारचा भ्रूण ती दाबून ठेवतो.

भ्रूण आधी गोल गोळी, मग वरून दोन बाजूंना फुगून बदामाच्या आकाराचा, मग लांबट. बदामाचे ते दोन फुगवटे म्हणजे पुढची बीजपत्रे. १८७० मध्ये हान्स्टाइनने हा क्रम पेशीपेशीने रेखाटून ठेवला आहे. हरभरा, तूर, मूग यांच्यात ही बीजपत्रे भ्रूणपोष पुरता संपवतात आणि अन्न स्वतःत भरून घेतात. म्हणून डाळीचे वरण आणि भात एकत्र कालवले की ताटात दोन्ही भावंडे असतात: डाळ म्हणजे भ्रूणाचे अंग, भात म्हणजे भ्रूणपोष. शेंगदाण्याचे दोन भाग वेगळे केल्यावर मध्ये जो टोकदार कोंब दिसतो, ते मूळ आणि खोडाचे टोक. ज्वारी, गहू, मका यांच्यात एकच बीजपत्र असते, तेही ढालीसारखे सपाट. भ्रूणपोषाला चिकटून बसायचे आणि उगवणीच्या वेळी त्यातले अन्न शोषून घ्यायचे, एवढेच त्याचे काम. ऑर्किडमध्ये तर द्विफलन होऊनही भ्रूणपोष लवकरच नाहीसा होतो. त्यांचे धुळीसारखे बी एखाद्या बुरशीने अन्न दिल्याशिवाय उगवतच नाही.

कधी कधी भ्रूण अर्ध्या वाटेवर थांबतो, आणि माणूस त्याचा फायदा घेतो. नाशिक-सांगलीकडची थॉम्पसन सीडलेस आणि तिच्या निवडीतून आलेली तास-ए-गणेश, सोनाका ही द्राक्षे बिनबियांची म्हणून विकली जातात. पण त्यांच्या फुलांत परागीभवनही होते आणि फलनही. नंतर भ्रूण आणि बीजावरण वाढायचे थांबते. द्राक्ष आडवे कापले तर आत एक-दोन मऊ, पांढुरके ठिपके सापडतात, ते हे अर्ध्यात थांबलेले बी. २०१८ मध्ये या दोषामागचा जनुकातल्या एकाच अक्षराचा बदल ओळखला गेला. बी वाढताना जिबरेलिन सोडते आणि त्या संकेतावर फळ फुगते. बीच नसेल तर मणी बारीक राहतो. म्हणून गोडी छाटणीनंतर घड सुटले की बागायतदार जीएची, म्हणजे जिबरेलिक आम्लाची, फवारणी आणि डिपिंग करतात. बीने जे सोडायचे ते टबातल्या द्रावणातून दिले जाते. दोन बिनबियांच्या जातींचा संकर करायचा असेल तर कोवळा भ्रूण वेळेत बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातही या पद्धतीवर काम झाले आहे.

उलट टोक म्हणजे एका बियात भ्रूणांची गर्दी. १७१९ मध्ये लेव्हेनहूकने संत्र्याच्या एका बियात दोन रोपे पाहिली होती. त्यांतले एकच फलनातून येते. बाकीची बीजांडातल्या, भ्रूणकोशाभोवतीच्या आईच्या ऊतीतून फुटतात, म्हणून ती हुबेहूब आईसारखी. विदर्भातले संत्र्याचे रोपवाटिकावाले जंभेरीच्या बियांपासून खुंट तयार करतात ते याच भरवशावर. सरसकट सारखी रोपे येतात, आणि वेगळी, कमजोर दिसणारी उपटून टाकली जातात. केरळातल्या ओलूर, कुरुक्कन अशा काही आंब्यांच्या कोयीतूनही अशीच अनेक रोपे निघतात. हापूसच्या कोयीत मात्र एकच भ्रूण असतो, आणि तो दोन आईबापांच्या मिश्रणाचा. त्याची कोय पेरली तर आंबा कसा लागेल ते सांगता येत नाही, म्हणून कोकणात कलमाशिवाय गत्यंतर नसते.

हे सगळे फुलाच्या आत झाकलेले होते. ते उघड्यावर आणण्याचे मोठे काम दिल्ली विद्यापीठात झाले. पंचानन महेश्वरी यांनी १९५० मध्ये सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावर लिहिलेला ग्रंथ जगभर वापरला गेला. १९६२ मध्ये त्यांच्यासह कुसुम कांता आणि एन. एस. रंगस्वामी यांनी खसखशीच्या बोंडातून कोवळी बीजांडे काढली, काचेच्या नळीतल्या पोषकद्रव्यावर ठेवली आणि त्यांच्यावर पराग टाकले. ना कुक्षी, ना कुक्षीवृंत, तरी नलिका वाढली, फलन झाले आणि उगवणारे बी मिळाले. मानवी टेस्ट ट्यूब बेबी यानंतर सोळा वर्षांनी जन्मली. १९६४ मध्ये त्याच विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून, अंडपेशीचा संबंधच न येता, थेट भ्रूण वाढवले.

अलीकडचा प्रयत्न भाताचा आहे. संकरित भाताचे बी शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. आंब्या-संत्र्यासारखे आईचे हुबेहूब बी भातात मिळाले तर तो खर्च वाचेल. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या वेंकटेशन सुंदरेसन यांच्या गटाच्या लक्षात आले की भातात फलनानंतर भ्रूण सुरू करणारे एक जनुक सुरुवातीला बापाच्या बाजूने चालू होते. ते अंडपेशीतच चालू केले, तर फलनाविना भ्रूण सुरू होतो. २०१९ मध्ये या मार्गाने भाताच्या बियांतून हुबेहूब प्रती मिळाल्या, आणि २०२२ मध्ये संकरित भाताच्या काही वंशांत ९५ टक्क्यांहून अधिक बी असे निघाले. या रोपांतही तुसांत पराग पडावेच लागतात, नलिका यावीच लागते. अंडपेशीला आता नरयुग्मक नको असते, पण मध्यपेशीला लागते. ते मिळाले नाही तर लोंबी पळिंज राहते. परागाशिवाय भ्रूणपोष सुरू करणारी उत्परिवर्तने ॲराबिडॉप्सिसमध्ये १९९० च्या दशकातच सापडली आहेत, पण त्यांतला भ्रूणपोष थोडा वाढून थांबतो. ताटात वाढता येईल असा भाताचा दाणा त्या वाटेने अजून शेतापर्यंत आलेला नाही.